शेगडी की लिफ्ट

सगळ्यात आधी एक गोष्ट साफ करून टाकते. तुम्ही गाडीखाली झोपून झोपून गेला नाहीत. तेराव्याला आलेल्या निम्म्या माणसांनी मला हेच सांगितलं, कुणी तोंडावर, कुणी पंगतीत एकमेकांच्या कानात, आणि प्रत्येकाला मी ‘नाही’ म्हटलं. तुमच्या आत्यांनासुद्धा. त्या रुसल्या, पण जेवून गेल्या.

तुम्ही गेलात ते अंगणात, लिंबाखाली, भर दुपारी, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, चहात साखर कमी पडली म्हणून मला ऐकवत असताना. मी साखरेचा डबा आणायला आत गेले आणि बाहेर येईपर्यंत तुमचं ऐकवणं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. एवढंच कारण. थंडी नाही, गाडी नाही, माझा हट्ट नाही, तुमचाही नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण आपलं जे भांडण अर्धवट राहिलं त्यात आता लोकांना साक्षीदार म्हणून उभं राहायचंय. त्यांना कुणी बोलावलेलं नाही. भांडण आपलं आहे आणि तुम्ही मधेच उठून गेलात तरी मी ते सोडलेलं नाही.

फौजेतून परत आलात तेव्हा सगळ्यांना वाटलं, तासगावकडचा माणूस, आता द्राक्षाची बाग लावणार. तुम्हाला बागेची चीड. ‘बाग म्हंजे बारा म्हैनं आजारी मानूस, रोज औषद,’ म्हणायचात. बाग तुम्ही धाकट्या भावाच्या, संपतभाऊजींच्या हवाली केलीत आणि घरामागच्या पडीक तुकड्यावर पत्र्याचं शेड ठोकलंत. फौजेत गाड्या दुरुस्त केल्या, इथेही त्याच करायच्या. जीप, पिकअप, ट्रॅक्टर, बागेत औषध फवारायचे ब्लोअर. बोर्डसुद्धा लावला नाहीत. ज्याची गाडी बंद पडेल त्याला कुणीतरी सांगेल, म्हणालात, आणि खरोखर सांगायचे.

मी अंगणवाडीतून दोनला सुटायचे आणि भाकरी घेऊन शेडात यायचे. गाडीखालून तुमचा हात बाहेर यायचा. भाकरीसाठी नव्हे, पान्यासाठी. ‘चौदा-पंधरा दे.’ पहिल्या वर्षी मी मागितलेला पाना द्यायला शिकले, दुसऱ्या वर्षी मागायच्या आधी द्यायला. मग गाडीचं वायरिंग हळूहळू माझ्याकडे आलं, कारण तुमची बोटं जाड आणि धीर पातळ. तुटलेली वायर सापडली नाही की तुम्ही अख्खा हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, उपटायला निघायचात. गावात ‘फौजीची बायको गाडीचं लाईट बघती’ अशी चेष्टा झाली तेव्हा तुम्ही पारावर बसून सांगितलंत, ‘माझ्यापरास बरं बघती.’ हे मला दुसऱ्याच माणसाने येऊन सांगितलं. तोंडावर तुम्ही माझी स्तुती केल्याचं मला आठवत नाही.

वायरिंग उभ्याने, वाकून होतं. तुमचं सगळं काम खालून. इतर गॅरेजवाले त्यासाठी खड्डा खणतात, तसा तुम्हीही खणलात. आपली जमीन काळी. पहिल्याच पावसाळ्यात खड्ड्याची विहीर झाली, बेडूक ओरडायला लागले आणि भाऊजींनी विचारलं, ‘दादा, मासं सोडू का?’ खड्डा बुजला. मग तुम्ही जॅक लावून गार कोब्यावर पोतं टाकून झोपायला लागलात, आणि जास्त जागा हवी असली की तुमच्या सुपीक डोक्यातून निघालेली ती दुसरी युक्ती. पाट.

शेडामागून शेताला पाणी नेणारा सिमेंटचा पाट जातो. पाण्याची पाळी नसली की कोरडा ठणठणीत. गाडीची दोन चाकं या काठावर, दोन त्या काठावर चढवायची. गाडी पुलासारखी उभी राहते आणि आपण पाटात उताणं पडायचं. सगळ्या गावाला तुम्ही कौतुकाने दाखवायचात. ‘फुकाटचा खड्डा. आन ह्यात पाणी साचत न्हाई, वाहून जातंय.’ पाणी वाहून जातं म्हणजे कुठून तरी येतंही, एवढं मात्र तुमच्या लक्षात राहिलं नाही.

पाळी मंगळवारची होती. पाणी सोमवारीच सुटलं. त्या पहाटे थंडी अशी होती की बागांना ऊब मिळावी म्हणून लोकांनी बांधाबांधाने शेकोट्या पेटवल्या होत्या. पाणी आलं म्हणून संपतभाऊजींनी ते आपल्या पाटात वळवलं. खाली पाटावर जीप उभी आहे, तिच्याखाली आपला भाऊ आहे, हे त्यांना कोण सांगणार? तुमच्या छातीवर गिअरबॉक्स, चार बोल्ट लागायचे बाकी. दुसरा कुणी असता तर गिअरबॉक्स टाकून बाहेर पळाला असता. तुम्ही वीतभर पाण्यात, मान वर धरून, अर्धा तास पडून राहिलात आणि चारही बोल्ट आवळून मगच बाहेर आलात. पाणी तुमच्या खांद्याला अडून तुंबत होतं. चिखलाने माखलेले तुम्ही दारात उभे राहिलात तेव्हा मला हसू आलं. पोट धरून हसले मी. पाचव्या दिवशी तुम्ही सांगलीच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होतात.

आठ दिवस. आठ दिवस मी दवाखान्याच्या बाकावर बसून त्या हसण्याची लाज वाटून घेतली. त्यानंतर मात्र मी ठरवलं की आता लाज पुरे, आता भांडायचं.

पहिली फेरी दवाखान्यातून घरी येताना गाडीतच झाली. तुमच्या आवाजाला अजून दम नव्हता, पण बोलायची खोड होती.

‘बगितलंस न्हवं? गाडी उचलायची लिफ्ट असती तर मी हुबा राहून काम केलं असतं. पाण्यात कशाला पडलो असतो?’

‘महिनाभर आधीपासून खोकत होता. गार फरशीनं छाती धरली होती, पाण्यानं फक्त शेवट केला. शेडात ऊब पाहिजे.’

‘मी मायनस वीसमदी ट्रकखाली झोपलोय.’

‘तेव्हा पंचवीस वर्षांचे होतात. आणि सरकारी कोट होता.’

पुढे संपतभाऊजी गाडी चालवत होते. ते एक शब्द बोलले नाहीत. मला तेव्हा वाटलं, नवरा-बायकोच्या मधे कशाला पडा म्हणून गप्प आहेत.

दोन्ही का नाही केलं, असं आता लोक शहाणपणाने विचारतात. त्यांना आपलं शेड माहीत नाही. पत्र्याखाली शेगडी पेटवली तर सगळी ऊब वर जाऊन पत्र्याच्या फटींतून बागेत जाते. ऊब धरायची तर डोक्यावर हात पोचेल असं छत खाली आणायला लागतं. लिफ्ट बसवायची तर पत्र्यापर्यंत सगळं मोकळं लागतं, कारण गाडी माणसाच्या डोक्यावर जाते. एकापायी दुसऱ्याचा जीव जातो. शेड उंच करायचं म्हणजे नवीनच बांधायचं, आणि ते आपल्या आवाक्यातलं नव्हतं. तेव्हा एकच. शेगडी किंवा लिफ्ट. मी शेगडीची, तुम्ही लिफ्टचे, आणि जेवताना ताटावर हाच विषय.

आता जे लिहिते ते तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. उन्हाळ्यात तुम्ही मला सांगलीला विश्रामबागेत तुमच्या फौजेतल्या दोस्ताच्या गॅरेजला घेऊन गेलात. म्हणालात, एकदा बघ तर खरं. तिथे दोन जाड खांबांच्या मधे एक पांढरी गाडी लटकत होती. दोस्ताने बटण दाबलं, गाडी आणखी वर गेली आणि तुम्ही तिच्याखाली चालत गेलात. चालत. आयुष्यभर तुम्ही गाडीची खालची बाजू पाठीवर पडून पाहिलेली, तोंडावर माती आणि ऑईल पडत असताना. त्या दिवशी तुम्ही ताठ उभे होतात, मान जराशी वर, आणि दोन्ही हात वर करून नुसते चेसिसवरून फिरवत होतात. काही आवळत नव्हतात, काही सोडत नव्हतात. मग वळून माझ्याकडे पाहिलंत. लग्नात होतात तेवढेच तरुण दिसलात.

आणि मी म्हटलं, ‘उंच आहे, पण गार आहे की इथं.’

तो चेहरा मी पाहिला होता. नीट पाहिला होता. पाहूनही तसं बोलले. तुम्हाला वाटलं असेल की बाईला कळलंच नाही. मला कळलं होतं, आणि दवाखान्यातली ती नळीही मला दिसत होती. मी दोन्ही तोलून बघितलं आणि नळीला घाबरले. आज पुन्हा तोलायला सांगितलं तरी तेच करीन. पण पाहिलं होतं, एवढं सांगायला हवं होतं.

पुढचं तर तुम्हाला ठाऊक आहे. दिवाळीनंतर तुमच्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न वाईला होतं. अंगणवाडीत तपासणी आहे असं खोटं सांगून मी मागे राहिले. तुमची एसटी सुटली आणि तासाभरात सुतार शेडात हजर. दोन दिवसांत प्लायचं छत झालं, त्यावर थर्माकोल अंथरला, फटी बुजवल्या. वेल्डरकडून ऑईलच्या पिंपाची शेगडी आणि तिचा धुराचा पाईप करून घेतला. जळणाची ददात नव्हती. भाऊजींनी एक जुनी बाग काढली होती, तिची खोडं बांधावर पडून होती. द्राक्षाचं खोड संथ जळतं, तासन्‌तास निखारा धरतं. बायकांनी काय काय केलंय नवरा गावाला गेल्यावर. मी छत बसवलं.

लग्नाचे लाडू घेऊन तुम्ही परत आलात. शेडाच्या दारात थांबलात आणि वर पाहिलंत. मी भांडणाची सगळी तयारी करून उभी होते, कंबर खोचून.

‘उंची गेली,’ तुम्ही म्हणालात.

एवढंच. पुढे मी वाट बघत राहिले आणि तुम्ही आत जाऊन शेगडीभोवती एक चक्कर मारलीत. ‘हितं ठेवलीस व्हय? पेट्रोलचा डबा कुठं असतोय, बगितलं न्हाईस?’ त्याच संध्याकाळी तुम्ही शेगडी उचलून लांबच्या कोपऱ्यात नेलीत, भोवती हातभर विटांची भिंत घातलीत, पाईपाचं तोंड वाऱ्याच्या उलट फिरवलंत. ज्या माणसाला शेगडी नको होती त्याने ती माझ्यापेक्षा नीट बसवली. मला तुमचा राग आला होता त्या दिवशी. तुम्ही ओरडला असतात तर मी जिंकले असते. तुम्ही ओरडला नाहीत आणि मी नुसतीच बरोबर ठरले.

पण बरोबर ठरले, हे नाकारू नका. चार हिवाळे झाले त्याला. चारांत एकदाही सांगलीचा दवाखाना नाही, साधा कफ नाही. सकाळी आठला शेगडी पेटली की गावातली निम्मी म्हातारी माणसं शेडात येऊन बसायची. गाडी दुरुस्तीला आलेली नसली तरी त्यांचे सांधे दुरुस्तीला यायचे. तुम्ही गाडीखालून त्यांच्या गप्पांत तोंड घालायचात. दोननंतर मीही पाने देत ऐकायचे. ते चार हिवाळे मी मिळवलेले आहेत. कुणी कितीही म्हटलं तरी त्यांतला एक दिवसही मी परत देणार नाही.

तुम्हीही मात्र काही कमी नव्हतात. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करताना पान्यांना, जॅकला, वेल्डिंगच्या मशीनला झेंडूच्या माळा घालून झाल्या की एक माळ मुद्दाम उरवायचात आणि रिकाम्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचात. कुणी विचारलं की म्हणायचात, ‘ही लिफ्टची. पावनी यायची हाय अजून.’ चार वर्षं. लोक हसायचे, मीही हसायचे आणि प्रसादाचं खोबरं जरा जोराने फोडायचे.

शेवटच्या वर्षात तुम्हाला जमिनीवरून उठायला वेळ लागायला लागला होता. बंपरला धरून आधी एक गुडघा, मग थांबायचं, मग दुसरा. मधल्या थांबण्यात तुम्ही माझ्याकडे बघायचा नाहीत. मीही पेटीतला पाना शोधत असल्याचं दाखवायचे. छाती मी वाचवली होती. गुडघ्यांचं तुम्ही एकदाही बोलला नाहीत, आणि बोलला असतात तर मी काय म्हटलं असतं, मला माहीत नाही. याबद्दल माफी मागायची की नाही याचा विचार मी तुम्ही गेल्यापासून करते आहे. अजून मागितलेली नाही.

आता तुम्ही गेल्यानंतरचं सांगते.

चौदाव्या दिवशी सकाळी संपतभाऊजी आले. बेदाण्याचा हंगाम तोंडावर आहे, त्यांची जागा पुरत नाही. ‘वैनी, शेड आता बेदाण्याच्या बॉक्सला देऊ या. नुसतं पडून राहिलं तर उंदरं हुत्याल.’ आपला अमोल पुण्याला परतायची बॅग भरत होता. तो म्हणाला, ‘आई, काका बरोबर बोलतायत. तू माझ्याकडे चल. इथं एकटी काय करणार?’ पोरगा मायेने म्हणाला, ते कळलं मला. म्हटलं, ‘तुझ्याकडं सगळं आहे रे, फक्त बिघडलेलं काही नाही.’ त्याला ते कळलं नाही, तो पुन्हा बॅग भरायला लागला. भाऊजींना मी ना हो म्हटलं, ना नाही. तुम्ही नसताना शेडात काय होणार, हे मलाही माहीत नव्हतं. वायरिंग मला येतं. पण गाडी म्हणजे काय नुसतं वायरिंग असतं? खालचं सगळं तुमचं होतं. मी खाली गेले ती फक्त पाना द्यायला हात घालण्यापुरती. रात्रंदिवस एकच प्रश्न डोक्यात होता, की आपलं गॅरेज तुमच्याबरोबरच गेलं की काय.

सोळाव्या दिवशी सकाळी दारात यशवंतनानांची पिकअप. नानांची बाग आपल्या पलीकडे. गाडीचा प्रोपेलर खडखड वाजत होता. क्रॉस गेला होता, म्हणजे चाकाकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा सांधा.

‘वैनी, फौजी न्हाईत, मला ठावं हाय,’ नाना टोपी हातात घेऊन म्हणाले. ‘पर तासगावचा मिस्तरी म्हनतोय चार दिस लागत्याल. माल तोडून बागंत ठेवलाय. सांजच्याला बेदाणा वाळवायच्या रॅकवर न्हाई पोचला तर उद्या पाणी सुटंल त्याला.’

‘गाडी आत घ्या,’ मी म्हटलं.

हे कोण बोललं, असं मलाच वाटलं. पण बोलून झालं होतं. नानांना नवा क्रॉस आणायला तासगावला पिटाळलं, गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, दोनदा हलवून बघितली, तुम्ही बघायचात तशी. पदर खोचला, तुमची जुनी टोपी घातली आणि गेले खाली. सत्तावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा अख्खी खाली.

खालून गाडी वेगळीच दिसते हो. वीस वर्षं मी तुमचे पाय बघत होते, तुम्ही हे बघत होतात. बोल्ट कुठले ते मला माहीत होतं, कारण त्यांचे पाने मीच देत आले. पण पाना देणं निराळं आणि पडल्या पडल्या आवळणं निराळं. हात वर धरून दंड भरून यायचा, डोळ्यात माती. एक बोल्ट सुटायला अर्धा तास गेला. मी तुम्हाला शिव्या दिल्या. मग बोल्टला दिल्या. मग तो सुटला. दांडा खाली घेताना छातीवर आला, श्वास अडकला, पण दांडा बाहेर निघाला. नवा क्रॉस मी उभ्याने, टेबलावरच्या शिकंज्यात धरून बसवला, ते छान जमलं. पुन्हा खाली गेले, दांडा चढवला, शेवटचा बोल्ट आवळला. आणि मग मला उठता येईना. कंबर धरली, गुडघा वळेना. गाडी दुरुस्त आणि मी तिच्याखाली अडकलेली. नाना क्रॉस देऊन मालावर झाकण टाकायला बागेत गेलेले.

तेवढ्यात भाऊजी आले. हातात मोजपट्टी. बॉक्सांच्या थप्प्या कुठे बसतील ते मोजायला आले होते.

‘वैनी? कुठं हायसा?’

‘खाली.’

‘खाली कुठं?’

‘गाडीखाली, भाऊजी. दरवर्षी दसऱ्याला पाया पडता ना? आज पाय धरा आणि ओढा.’

त्यांनी खरोखर पाय धरून मला बाहेर ओढलं. मी तोंडाला काळं लागलेली, पदरावर ग्रीस, कोब्यावर बसून हसायला लागले. ते हसले नाहीत. खाली उकिडवे बसले.

‘दादा बी असाच गेला. ह्येच करून करून. मला ह्ये शेड बगवत न्हाई, वैनी. बंद करा ह्ये.’

‘शेड बघवत नाही, की ते पाणी आठवतं?’

ते हातातली मोजपट्टी उघडत होते, मिटत होते.

‘रोज आटवतं. वळून बगितलं असतं तर? दहा पावलं बी नव्हती वैनी, दहा पावलं.’

म्हणजे त्या दिवशी गाडी चालवताना ते याच्यासाठी गप्प होते. इतकी वर्षं आपण दोघं शेगडी आणि लिफ्ट करत भांडलो, आणि समोर बसलेला माणूस हे पोटात घेऊन फिरत होता. तुम्हाला ठाऊक होतं का? मला नव्हतं.

‘ऐका,’ मी म्हटलं. ‘पाणी तुम्ही सोडलं. त्यात अर्धा तास पडून राहिले ते तुमचे भाऊ. त्यांना सांगितलं असतं तरी चार बोल्ट लावल्याशिवाय ते उठले नसते. आणि त्यानंतर चार वर्षं ते ठणठणीत जगले, भांडले, जेवले. तुमच्यामुळं गेले नाहीत. माझ्यामुळं नाहीत. ह्या शेडामुळं तर नाहीच.’

‘पर वैनी, ह्ये बायकांचं काम न्हवं.’

‘बायकांचं नाही असं नाही. झोपून करायचं नाही, एवढंच.’

बोलता बोलता ते मला पटलं. एव्हाना नाना परत येऊन, गाडी घोड्यांवरून उतरवून, चालवून बघायला बाहेर घेऊन गेले होते, खडखड गेली होती, आणि शेडात मी आणि भाऊजी आणि डोक्यावर माझं छत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विश्रामबागेत तुमच्या दोस्ताला फोन केला. तुम्ही गेल्याचं त्यांना माहीत होतं, म्हणून आधी सांत्वनाचं बोलले. मी म्हटलं, ‘भाऊ, ते नंतर. लिफ्ट बसवायची आहे.’ त्यांनी सगळं नीट सांगितलं. दोन खांबांखाली जाड काँक्रीट, ते चांगलं मुरू द्यायचं, वर पत्र्यापर्यंत मोकळी जागा. भाऊजींच्या मोजपट्टीने मी पत्र्यापर्यंतची उंची मोजून घेतली. पुरते. छत काढलं तर पुरते.

अमोलला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘म्हणजे बाबा बरोबर होते तर.’ मी त्याला सुनावलं. बाबांना ऊब लागत होती, मी ती दिली. मला उभं राहायला जागा लागते, ती मी घेते. यात कोण बरोबर आणि कोण चूक हे शोधायला तुला पुण्याहून यायची गरज नाही. तुझी माया आहे, ती राहू दे. मी इथे राहते. गाडी बिघडली की लोक इथे येतात, आणि ज्याची गाडी बंद पडेल त्याला अजूनही कुणीतरी सांगतं.

आज दुपारी भाऊजी शिडी घेऊन आले. सुताराला बोलवू म्हणत होते. मी म्हटलं, चढवलं ते चोरून सुताराकडून, उतरवते ते माझ्या हाताने. त्यांनी शिडी धरली, मी वर गेले. पहिल्या प्लायचे खिळे उपटले, तो तुकडा खाली दिला, त्यामागून थर्माकोलचा भुगा आणि चार वर्षांचा धुरळा माझ्या डोक्यावर आला. वर पत्रा दिसला. पत्र्याच्या फटीतून ऊन आलं.

‘आन थंडीचं काय, वैनी?’ भाऊजींनी खालून विचारलं.

‘दोन स्वेटर घालीन.’

मग मी शिडीवरच जरा वेळ थांबले. तुम्ही असता तर या वेळी दारात उभे राहून, कमरेवर हात ठेवून, तेच म्हणाला असता जे म्हणायला तुम्ही चार वर्षं थांबलात आणि एकदाही म्हणाला नाहीत. ‘मी म्हनत हुतो न्हवं?’ म्हणा की. आज एकदा म्हणा. मी उलट बोलणार नाही.